दहावीच्या पुस्तकातून डार्विन गेला, आमच्या घरी दशावतार आले

कर्वेनगरी
निमित्त साधं आहे. लेक यंदा दहावीत, सीबीएसईला. तिच्या मावसभावाचं जुनं विज्ञानाचं पुस्तक घरात पडून होतं, त्यात धड्याचं नाव होतं 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती'. हिच्या पुस्तकात नुसतंच 'आनुवंशिकता'. मेंडेलचे वाटाणे आहेत, डार्विन नाही. शोधाशोध केल्यावर कळलं की करोनाच्या काळात अभ्यासक्रमाचं ओझं कमी करायचं म्हणून एनसीईआरटीने तो भाग गाळला आणि २०२३मध्ये नव्या पुस्तकांत तो गाळलेलाच राहिला. बारावीच्या जीवशास्त्रात आहे म्हणे. पण दहावीनंतर जीवशास्त्र घेणारी मुलं किती?

पोरीने जेवताना विषय काढला. आमचे सासरे (वय ८१, गाव बारामतीकडचं, घरात सगळे आप्पा म्हणतात) लगेच म्हणाले, "गेला तर गेला. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन. आपल्याकडं हे आधीच सांगून ठेवलंय." पोर म्हणाली, "आप्पा, मग आता माकडांची माणसं का होत नाहीत?" त्यावर आप्पांनी ताकाची वाटी तोंडाला लावली. मी आणि नवरा, दोघंही वाणिज्य शाखेचे, गप्प बसलो.

सृष्टी देवाने जशीच्या तशी घडवली की ती उत्क्रांत झाली, हा अमेरिकेतला वाद. तो आपल्याकडे आहे का? की आपलं दुखणंच वेगळं आहे? आणि पोरीला काय सांगू?

वेताळटेकडी
पोरीला एवढंच सांगा की माकड आपला आजोबा नाही, भाऊबंद आहे. चुलतभाऊ अजून जिवंत कसा, असं कोणी विचारत नाही ना! चिंपांझीचा आणि आपला पूर्वज एक होता, साठ-सत्तर लाख वर्षांमागे वाटण्या झाल्या. चिंपांझीत गुणसूत्रं ४८, आपल्यात ४६. आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र म्हणजे दोन जुनी गुणसूत्रं टोकाला टोक चिकटून झालेलं एक. टोकाला असायला हवी तशी खूण त्याच्या मधोमध सापडते. सातबारावरचा जुना फेरफार समजा.

बंड्या_नाना
माझा बॉस बघितला तर उलट्या दिशेचा पुरावा मिळेल.

संकासुर
ताई, आप्पांची बाजू घेणारा कोणी तरी हवा म्हणून लिहितो. मी इंजिनियर आहे, कुडाळचा. बायबलातल्या सहा दिवसांशी मला देणंघेणं नाही. पण उत्क्रांती हा शेवटी एक सिद्धांतच. तो सिद्ध झालेलं सत्य म्हणून का शिकवायचा? जिवाणूला पोहायला शेपटी असते, तिच्या बुडाशी अक्षरशः फिरणारी मोटर असते. डझनावारी सुटे भाग लागतात, त्यातला महत्त्वाचा एक काढला की मोटर बंद. अर्धवट मोटरचा उपयोग काय? मग ती पायरीपायरीने झाली कशी? मोटर बघितली की मी ड्रॉइंग कोणाचं ते विचारतो, ही माझी सवय.

आणि डोळ्यांदेखत उत्क्रांती होताना कोणी बघितली आहे का?

वेताळटेकडी
संकासुरा, 'सिद्धांतच' म्हणालास म्हणून एक भाषेची गंमत. अमेरिकेतले लोक 'ओन्ली अ थिअरी' म्हणतात ते त्यांच्या बोलीत खपतं, कारण तिथे चहाच्या टपरीवरच्या तर्कालाही थिअरीच म्हणतात. मराठीत ते जमत नाही. सिद्ध होऊन जे अंती उरतं ते सिद्धांत. जे अजून तपासायचं आहे त्याला आपण गृहीतक म्हणतो. म्हणजे तू विरोध करायला गेलास आणि शब्दानेच तुला पाडलं.

उलट मला खटकतो तो 'उत्क्रांती' हा शब्द. उत् म्हणजे वर. जुन्या ग्रंथांत उत्क्रांती म्हणजे जीवाने देह सोडून जाणं. तो शब्द आपण या शास्त्राला लावला आणि त्याबरोबर शिडी घरात आली: खाली मासा, वर आपण. डार्विनच्या झाडाला अशी वरची फांदी नाही. आजचा मासा आपल्याइतकाच आजचा. झुरळही.

दशावतारांची हीच अडचण. माशानंतर कासव, म्हणजे सरपटणारा प्राणी. बेडकाचा वर्ग कुठे गेला? पण क्रमाचं सोडून देऊ. अवतार म्हणजे खाली उतरणं. कोणी तरी वरून, काम ठरवून, पूर्ण घडलेला येतो. उत्क्रांतीत वरून कोणी येत नाही आणि काम आधी ठरलेलं नसतं. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी सुंदर आहेत, पण एक नाहीत. आणि ही तुलना काही आप्पांच्या आज्याची नव्हे. छापात ती दिसते १८७७च्या सुमारास, थिऑसॉफीवाल्या ब्लाव्हाट्स्कीबाई आणि संस्कृतचे पंडित मोनियर विल्यम्स यांच्या लिखाणात, म्हणजे डार्विनचं पुस्तक १८५९ला येऊन गेल्यानंतर. पुढे हाल्डेनसारखा पक्का जीवशास्त्रज्ञही ती कौतुकाने सांगे. तो १९५७मध्ये भारतातच राहायला आला होता.

आप्पांना वाचायची आवड असेल तर गीतारहस्यातलं 'विश्वाची उभारणी व संहारणी' हे प्रकरण काढून द्या. टिळक मंडालेच्या तुरुंगात बसून सांख्यांची प्रकृती आणि जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलचा उत्क्रांतिवाद शेजारीशेजारी मांडतात. जडातून चैतन्य निघतं हे त्यांना मान्य नाही, तिथे ते सरळ हेकेलशी भांडतात. पण 'आमच्याकडे होतंच' म्हणून पुस्तक मिटत नाहीत.

बंड्या_नाना
संकासुर हा आयडीच कोकणातल्या दशावतारी खेळातला आहे हे कोणाच्या लक्षात आलं का? वेद चोरतो आणि शेवटी मत्स्यावताराकडून मार खातो. म्हणजे या धाग्यावर पहिला मासाच येणार.

संकासुर
नाना, आमच्याकडे संकासुर आला की पोरं सगळ्यात जास्त हसतात. वेद चोरले तरी मान आहे.

सुसक्वेहाना
मोटरचा विषय निघाला म्हणून लिहितो. २००३पासून पेनसिल्वेनियात, हॅरिसबर्गजवळ राहतो. इथून अर्ध्यापाऊण तासावर डोव्हर नावाचं छोटं गाव आहे. २००४मध्ये तिथल्या शाळा मंडळाने ठरवलं की नववीच्या मुलांना उत्क्रांती शिकवायच्या आधी एक निवेदन वाचून दाखवायचं: डार्विनचा सिद्धांत म्हणजे वस्तुस्थिती नव्हे, त्यात फटी आहेत, 'इंटेलिजंट डिझाइन' (सजीवांची रचना कोणा बुद्धिमान कर्त्याने केली) नावाचा दुसरा विचारही आहे, त्याचं पुस्तक ग्रंथालयात मिळेल. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचायला नकार दिला, तेव्हा अधिकारी वर्गात येऊन वाचून गेले. अकरा पालक कोर्टात गेले. हॅरिसबर्गच्या फेडरल कोर्टात २००५च्या शरदात सहा आठवडे खटला चालला. आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नसे.

संकासुर, तुझी मोटर तिथे साक्षीला होती. मायकेल बिही नावाचे जीवरसायनशास्त्रज्ञ हाच मुद्दा घेऊन उभे होते. उत्तर असं मिळालं: त्या मोटरचे बरेच भाग काढले तरी उरलेल्यांचा उपयोग असतो, फक्त काम वेगळं. काही जिवाणूंत जवळपास त्याच घडणीची सुई असते, ती दुसऱ्याच्या पेशीत विषारी प्रथिनं टोचते. प्लेगच्या जिवाणूत आहे. पुणेकरांना १८९७ सांगायला नको. म्हणजे अर्धी मोटर पोहत नाही, पण माणूस मारते.

उलटतपासणीत बिहींना विचारलं, तुमची विज्ञानाची व्याख्या धरली तर फलज्योतिषही वैज्ञानिक सिद्धांत ठरेल का? ते म्हणाले, ठरेल. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, ती म्हणाली, माझ्या आईला कळवा, खूश होईल.

पण खरी मजा त्या ग्रंथालयातल्या पुस्तकाची. १९८७मध्ये सुप्रीम कोर्टाने 'सृष्टिवाद हा धर्म आहे, सरकारी शाळेत विज्ञान म्हणून शिकवता येणार नाही' असा निकाल दिला. पुस्तकाचे त्याआधीचे आणि नंतरचे कच्चे खर्डे कोर्टात ताडून बघितले. निकालापूर्वी 'क्रिएशनिस्ट्स' (सृष्टिवादी), निकालानंतर त्याच वाक्यांत 'डिझाइन प्रोपोनंट्स' (डिझाइनचे पुरस्कर्ते). एका ठिकाणी खोडताना गडबड झाली आणि जुन्याच्या पोटात नवा शब्द अडकून 'सीडिझाइन प्रोपोनंट्सिस्ट्स' असं काहीतरी छापलं गेलं. मधला दुवा दाखवा म्हणणाऱ्यांच्याच पुस्तकात मधला दुवा सापडला.

न्यायाधीश जोन्स रिपब्लिकन, धाकट्या बुश यांनी नेमलेले. २० डिसेंबर २००५ला १३९ पानी निकाल मंडळाच्या विरोधात गेला. त्याआधीच नोव्हेंबरच्या निवडणुकीत फेरनिवडणुकीला उभे असलेले आठही सदस्य पडले. वकिलांच्या खर्चापोटी शाळेच्या तिजोरीतून दहा लाख डॉलर गेले.

याच्या ऐंशी वर्षं आधी, १९२५च्या जुलैत, टेनेसीतल्या डेटनला स्कोप्स या शिक्षकाला उत्क्रांती शिकवली म्हणून १०० डॉलर दंड झाला होता. पुढे वरच्या कोर्टात तो रद्द झाला तो विज्ञानामुळे नव्हे, तर ५० डॉलरच्या वरचा दंड ज्यूरीने ठरवायचा असतो, न्यायाधीशाने नव्हे, या तांत्रिक कारणाने. उत्क्रांती शिकवायला बंदी करणारा कायदा मात्र १९६७पर्यंत तसाच होता. आणि २०२४च्या गॅलप पाहणीत अजून ३७ टक्के अमेरिकन म्हणतात की माणूस देवाने आहे तसाच घडवला. केंटकीत नोहाची ५१० फुटी नौका बांधून ठेवली आहे, माझा मुलगा मित्राच्या कुटुंबाबरोबर बघून आला. पिंजऱ्यात डायनासोर होते म्हणाला. लाकूडकाम उत्तम आहे म्हणाला.

बारदेसकार
गोव्याहून. चर्चचं नाव आलं की सगळे एका मापात मोजले जातात म्हणून सांगतो. हा पृथ्वी सहा हजार वर्षांची असल्याचा हट्ट प्रामुख्याने अमेरिकेतल्या काही प्रॉटेस्टंट पंथांचा. आम्हा कॅथलिकांत पोप बाराव्या पायस यांनी १९५०मध्येच माणसाच्या देहाच्या उत्क्रांतीवर संशोधन-चर्चा करायला हरकत नाही म्हटलं. आत्मा तेवढा थेट देवाचा. १९९६मध्ये दुसरे जॉन पॉल म्हणाले की आता हे गृहीतकाच्या पलीकडे गेलं आहे. आणि ज्या मेंडेलचे वाटाणे ताईंच्या लेकीच्या पुस्तकात उरलेत तो मठातला साधूच. मला शाळेत डार्विन शिकवला तो एका पाद्रीनेच, आणि परीक्षेत मार्क कापले तेही त्यानेच.

खडूडस्टर
मी साताऱ्याकडे माध्यमिक शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. कर्वेनगरी, आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २चा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. अवशेषांगं, जीवाश्म, डार्विन, लामार्क, माणसाचा प्रवास, सगळं त्यात. बालभारतीचं पुस्तक आणा, मराठीत आहे, आप्पाही वाचतील.

पण एक सांगते. तीस वर्षांत एकाही पालकाने येऊन 'आमच्या मुलाला माकडाची गोष्ट शिकवू नका' म्हटलं नाही. एकदाही नाही. आम्ही डार्विन नाकारत नाही, पाठ करतो. पाच मार्कांचा प्रश्न, जिराफाची मान, आकृती, झालं. तेच मूल संध्याकाळी आजीकडून ब्रह्मदेवाची गोष्ट ऐकतं आणि त्याला दोन्हीत काही खटकत नाही. अमेरिकेतला माणूस निदान विचारात पडून भांडतो. एका वर्षी मी मुलांना विचारलं, कुत्रे रानातून आले मग इतक्या जाती कशा झाल्या, तर वर्ग रंगला. मुख्याध्यापक दारात येऊन म्हणाले, "बाई, पोर्शन?"

घाटमाथा
पुस्तकातून काढलं ते काय सहज काढलं? जानेवारी २०१८मध्ये केंद्रातले शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह, आपल्या मुंबईचे माजी पोलीस आयुक्त, औरंगाबादच्या वैदिक संमेलनात म्हणालेच होते की माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी बघितल्याचं कुठे लिहिलेलं नाही, डार्विन चुकीचा आहे, पुस्तकं बदला. माणूस रसायनशास्त्राचा एमएस्सी. तिन्ही विज्ञान अकादम्यांना एकत्र निवेदन काढावं लागलं. त्यांचे वरिष्ठ मंत्री जावडेकर यांनी तेव्हा गप्प केलं, आणि पाच वर्षांनी बघा. १८००हून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी पत्रावर सह्या केल्या, उपयोग शून्य. हे सरकार

संपादक
घाटमाथा, इथवर ठीक. 'हे सरकार'पासून पुढच्या ओळी उडवल्या आहेत. पक्षांचे धागे वेगळे आहेत.

पऱ्हाटी
संकासुर भाऊंनी विचारलं, डोळ्यांदेखत कोणी बघितली का. मी बघितली बाप्पा. जिल्हा यवतमाळ, बारा एकर कोरडवाहू. अकोल्याहून बीएस्सी ॲग्री करून शेतीत आलो, तरी बघायला मला पंधरा वर्षं लागली.

२००२मध्ये बीटी कापूस आला. जमिनीतल्या जिवाणूचं एक जनुक कपाशीत घातलेलं. बोंडअळीने पान-बोंड खाल्लं की मरते. २००६पासून दोन जनुकांचं बियाणं आलं. पहिली काही वर्षं अक्षरशः स्वर्ग, फवारे धूळ खात पडले. ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचं एक छोटं पाकीट फुकट यायचं, नॉन-बीटीचं. सांगायचे, शेताच्या कडेने पाच ओळी याच्या लावा. म्हणजे काय, तर शेताच्या कडेला अळी मुद्दाम पोसा! कोणता कास्तकार पोसेल?

आता त्याचं कारण ऐका. लाखो अळ्यांत एखादीच अशी असते जिला हे विष बाधत नाही. हा गुण असा की आई आणि बाप दोघांकडून आला तरच चालतो, एकाकडून आला तर अळी मरते. बीटीच्या शेतातून वाचलेला एखादा पतंग निघाला, की त्याला कडेच्या पाच ओळींतले साधे हजार पतंग भेटावेत, त्याची पिल्लं साधी निघावीत, म्हणून ते पाकीट. पाच ओळी नसल्या तर वाचलेल्याला वाचलेलाच भेटतो. त्यात आम्ही फरदड घेतली. डिसेंबरात पऱ्हाटी उपटायची सोडून पाणी देऊन मार्चपर्यंत उभी ठेवली. गुलाबी अळीला बारा महिने खानावळ.

आणि मजा अशी की हिरवी बोंडअळी बीटीला तेवढी सरावली नाही. ती तूर खाते, हरभरा खाते, टमाटर खाते. म्हणजे तिला न लावताच नॉन-बीटी रान मिळालं. गुलाबी खाते फक्त कपाशी, मग तिच्यावर सारा मार एकाच जागी. गुजरातेत २०१०च्या आसपासच पहिल्या जनुकाला दाद न देणारी गुलाबी सापडली होती. कीटकवाल्यांनी तपासलं तर तिच्या आतड्यातलं ज्या प्रथिनाला ते विष चिकटतं, त्याच्या जनुकातच बदल. २०१७ला आमच्याकडे दोन्ही जनुकं फेल. वरून बोंड ठणठणीत, फोडलं की आत गुलाबी अळी आणि किडकी सरकी. डोमकळ्या इतक्या की फूल उमलायचंच नाही. त्याच हंगामात फवारता फवारता आमच्या जिल्ह्यात विषबाधेनं माणसं गेली. त्यावर जास्त लिहीत नाही.

संकासुर
पऱ्हाटीभाऊ, वाचून गप्प झालो. तरी शंका शंकाच: अळी शेवटी अळीच राहिली ना? अळीची चिमणी झाली नाही. लहानसहान बदल मी मानतो. जातच बदलणं वेगळं.

खडकवाचक
नाना म्हणाले मासा येणार, तर मी देवमासा आणतो.

भूविज्ञानात हयात गेली, विद्यार्थी असताना कच्छच्या चुनखडीत पाय भाजलेत. तिथे साडेचार कोटी वर्षांच्या आसपासचे देवमासे सापडतात, मागचे पाय असलेले. लखनौचे अशोक साहनी आणि मिश्रा यांनी १९७०च्या दशकात त्यांची पहिली नीट वर्णनं केली. पण देवमाशाआधी कोण, हा प्रश्न होता. रंगा राव नावाचे भूवैज्ञानिक जम्मूकडच्या कालाकोटहून हाडांनी भरलेले दगड गोळा करून घरी ठेवून गेले. ते वारल्यावर पत्नीने ते दगड हान्स थेविसन या शास्त्रज्ञाला दिले. त्यांच्या प्रयोगशाळेत साफ करताना एक कवटी चुकून फुटली, आणि कानाचं हाड उघडं पडलं. त्याची आतली कड जाड, अगदी देवमाशाच्या कानासारखी. अशी कड तोवर फक्त देवमाशाच्या कुळातच माहीत होती. प्राणी मात्र मांजराएवढा, खुरांचा, हरणासारखा. इंडोह्यूस. डिसेंबर २००७मध्ये प्रसिद्ध झालं.

त्याची हाडं जड होती, पाण्यात पाय टेकवून चालणाऱ्याची असतात तशी. कसा दिसत असेल ते बघायचं तर आपल्या जंगलातली पिसोरी (माउस डिअर) आठवा. तिची आफ्रिकेतली चुलत बहीण शिकारी दिसला की पाण्यात उडी मारून बुडून राहते. संकासुर, अळीची चिमणी कोणी मागत नाही, झाली तर उत्क्रांतीच खोटी ठरेल. पण कालाकोट ते कच्छ या पट्ट्यात, कान तोच ठेवून, खुरं गेली आणि कल्ले नसलेला, हवा घ्यायला वर येणारा 'मासा' झाला. याचं ड्रॉइंग कोणी काढलं असेल तर नाकपुडी आधी तोंडाच्या टोकाला काढून मग थोडी थोडी करत कपाळावर का सरकवली, हे त्याला विचारायला मला आवडेल.

संकासुर
हे मात्र खरं, इतक्या दुरुस्त्यांचं ड्रॉइंग मी पास केलं नसतं. काका, फुटलेल्या कवटीचा फोटो कुठे बघायला मिळेल?

सुसक्वेहाना
पऱ्हाटीभाऊ, तुमचं वाचल्यावर शोधून वाचलं. हीच गुलाबी बोंडअळी इथे ॲरिझोनात होती. १९९६ला बीटी आला, तेव्हापासून तिथल्या शेतकऱ्यांनी ते नॉन-बीटीचं रान काटेकोर लावलं, दहा वर्षं अळी सरावली नाही. मग २००६पासून विमानातून वांझ केलेले पतंग सोडले. २०१८मध्ये अमेरिकेच्या कापूस पट्ट्यातून ती संपल्याचं जाहीर झालं. त्या शेतकऱ्यांतले किती जण रविवारी चर्चमध्ये आदमची गोष्ट ऐकत असतील कोण जाणे. सोमवारी मात्र पाच ओळी लावत होते.

खडूडस्टर
आणि आम्ही डार्विनवर पाचपैकी पाच मार्क दिलेली पोरं ती ओळ लावत नव्हती.

पऱ्हाटी
बाई, तुमचा दोष नाही. माझं तर डिग्रीचं पुस्तक होतं. पण दोन एकरवाला पाच ओळी सोडेल तर खाईल काय, हेही आहेच. ॲरिझोनात एकेका शेतात आमची दोन गावं बसतात. आता नॉन-बीटी दाणे पाकिटातच मिसळून येतात, ४७५ ग्रॅममध्ये. लावायचं की नाही हा प्रश्नच ठेवला नाही. उशीर झाला एवढंच.

कर्वेनगरी
सगळ्यांचे आभार. बालभारतीचं पुस्तक आणलं. पोरीला गुणसूत्राचं पटलं, देवमाशाचं फारच आवडलं, तिने वहीत पिसोरी काढली आहे. पऱ्हाटीभाऊंचा प्रतिसाद मी रात्री आप्पांना मोठ्याने वाचून दाखवला. अवतारांचं ते काही बोलले नाहीत. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "त्याला विचार, त्या बारकाल्या पाकिटाचं तो काय करायचा?"

पऱ्हाटी
फोडलंच नाही ताई. दरसाल गोठ्याच्या माळ्यावर टाकायचो. २०१७च्या दिवाळीत काढून बघितली तर सगळी उंदरांनी फस्त केलेली. आप्पांना नमस्कार सांगा.